धगीचं हसू

चेहरा रंगवताना रंगवणारीचं तोंडही तसंच होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याने एकदा त्या लांबड्या खोलीच्या दारात येऊन उभं राहावं. खिडक्यांखाली लांबच लांब टेबल, टेबलाच्या दोन्ही अंगांना बायका, प्रत्येकीच्या डाव्या मुठीत एक टकलं रबरी डोकं आणि उजव्या हातात चार केसांचा ब्रश. झोपाळू बाळ रंगवायचं असेल तर सगळ्यांच्या पापण्या जड. विदूषक रंगवायचा असेल तर सगळ्यांचे गाल फुगलेले. मुद्दाम कुणी करत नाही. पोराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसंच हे.

टेबलाच्या मधोमध बसणारीला सगळ्या भिवई म्हणत, कारण भिवया काढायचं काम तिच्याकडे होतं. घरी ती सून होती, वहिनी होती आणि नवऱ्यासाठी नुसती 'अगं' होती. स्वतःचं म्हणावं असं नाव तिला या टेबलानेच दिलं होतं. तिच्या डाव्या हाताला ओठवाली. ती बाहुल्यांचे ओठ रंगवायची आणि स्वतःचे क्वचित मिटायची. टेबलाभोवती फिरायची ती देखरेखीची बाई. हातातल्या पट्टीने बाहुलीच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोजायची, म्हणून तिचं नाव फूटपट्टी. अर्थात समोर 'बाई', पाठीमागे फूटपट्टी.

मागच्या वर्षी या टेबलावर धग आली.

धग म्हणजे चित्रकथेतली बाई. लाँड्रीत इस्त्री करणारी, बेताच्या उंचीची, जाड दंडांची, चाळिशीकडे झुकलेली. लाँड्रीतला बॉयलर फुटला आणि त्याची आग हिच्या अंगात जाऊन बसली. तेव्हापासून राग आला की हिच्या हातात लोखंड मेणासारखं होतं. पण त्याला एक अट होती. हसली की विझली. म्हणून धग हसत नाही. दुःखी आहे म्हणून नव्हे, कामावर आहे म्हणून. कुणी म्हणालं, बाई, हसा की जरा, तर ती म्हणते, हसेन, आधी हे निस्तरू दे. आणि निस्तरायचं कधी संपत नाही.

भिवईची आणि धगीची ओळख जुनी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नणंद शाळेत जायची. घरात सगळ्यात धाकटी, म्हणून धाकू. नव्या वहिनीला तिने पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून विचारलं होतं, तुला धग माहीत आहे का? वहिनी नाही म्हणाली. धाकूने असं तोंड केलं की जणू मुलगी बघायला गेलेल्या थोरांकडून हाच एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. मग दप्तरातून अंक निघाला, आणि जिन्याच्या पायरीवर दोघींची डोकी एकाला एक लागली ती लागलीच. धाकू संवाद वाचायची, वहिनी आवाज काढायची. दार मोडल्याचा, वाफ सुटल्याचा, खलनायक पाण्यात पडल्याचा. सासूबाई वरून ओरडायच्या, काय पडलं गं? दोघी एका सुरात सांगायच्या, काही नाही, आई.

पुढे धाकूचं लग्न झालं, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, पण धग सुटली नाही. नवा अंक आला की तिचा फोन. धगीचा टी-शर्ट आला, तो दोघींनी घेतला. धगीचा कप आला, गरम चहा ओतला की त्यावरच्या धगीच्या भिवया लाल व्हायच्या, तोही घेतला. आणि धगीची बाहुली आपल्याच वहिनीच्या कारखान्यात होणार म्हटल्यावर धाकूने फोनवर हुकूम सोडला होता की डावी भिवई उजवीपेक्षा जराशी खाली हवी, नाहीतर ती धग नव्हे, कुणीतरी पित्त झालेली बाई वाटेल.

त्या महिन्यांत टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत कपाळाला आठी घालून बसल्या. आणि तीच आठी घेऊन घरी गेल्या. आता राग आधी की आठी आधी, हे कुणी सांगावं. पण डोळे रंगवणारीने घरी गेल्या गेल्या दिराला सांगितलं की उद्यापासून स्वतःचं ताट स्वतः घासायचं, आणि दीर उठला, घासलं त्याने. बाहुल्यांना केस लावणारी म्हातारी, केसवाली, तिच्या सुनेने तिला न विचारता उशी आणून दिली. ओठवालीच्या नवऱ्याने दारात तिचं तोंड बघितलं आणि तो जो बाहेर उभा राहिला, तो तिने आत बोलावेपर्यंत. रोज सकाळी टेबलावर या बातम्या वाटल्या जायच्या आणि हसायची सोय नसल्यामुळे सगळ्या नाकातून हसायच्या.

त्याच दिवसांत धाकू घर सोडून आली.

तिच्या घराचं दार ओढलं की आपसूक लागणारं होतं. बाहेरून किल्ली, आतून हँडल. आतलं हँडल एके दिवशी नाहीसं झालं. ढिलं झालं होतं, दुरुस्तीला दिलंय, असं नवरा म्हणाला. मग तो सकाळी दार ओढून कामावर जायचा आणि संध्याकाळी येऊन उघडायचा. हँडल दुरुस्त होऊन येईचना. वहिनीचा फोन आला की धाकू हसत हसत सांगायची, अगं, कोंडलेय मी, महाराणीसारखी. आणि वहिनीही हसायची. त्या हसण्याची भिवईला पुढे फार चीड आली. एवढी धग वाचली, एवढे आवाज काढले, आणि खरं दार बंद झालं तेव्हा मला ऐकू आलं नाही.

मग एक अंक आला. त्यात धग आपल्या जुन्या घरातून बाहेर पडते, आणि दाराची मूठ तिच्या हातात वितळते. धाकूने तो फोनवर वाचला, खिडकी उघडली, समोरच्या गॅलरीतल्या शेजारणीला हाक मारली आणि जुन्या मोज्यात घालून जादा किल्ली तिच्याकडे फेकली. शेजारणीने बाहेरून दार उघडलं. एवढंच. लोखंड वितळायची गरज पडली नाही.

ती आली तेव्हा भिवई नुकतीच कामावरून परतली होती. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहून काय झालं, कशाला आलीस, त्यांना सांगून आलीस का, असं विचारत होत्या. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. दिवसभर रंगवलेली धग सुनेच्या कपाळावर तशीच होती. सासूबाई बाजूला झाल्या. धाकू आत आली.

इथवर सगळं ठीक होतं. मग सिनेमा आला.

धाकूने बातम्या आणायला सुरुवात केली तेव्हा दोघींना केवढा आनंद. धगीवर सिनेमा निघतोय. कोण करणार, कपडे कसे, लाँड्री दाखवणार की नाही. मग हळूहळू बातम्यांना वेगळा वास येऊ लागला. सिनेमातली धग विशीतली आहे. दंड बारीक आहेत. आग बॉयलरची नाही, नवऱ्याने दिलेल्या लॉकेटमधली आहे. आणि मग पोस्टर आलं. त्यावर धगीचे सगळे दात दिसत होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता धग हसणार'.

पुढच्या सोमवारी फूटपट्टी नवा नमुना घेऊन आली. भिवया वर चढलेल्या, ओठ उघडे, गालांवर खळ्या. ओठवाली म्हणाली, बाई, ही धग नाही, ही कुणाचीतरी करवली आहे. फूटपट्टीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भिवईने मात्र सरळ विचारलं की हसली की विझते हे सिनेमावाल्यांना माहीत आहे का?

"हसरी बाहुली खपते," फूटपट्टी म्हणाली. "चिडक्या बाईला उशाशी घेऊन कोण झोपणार आहे?"

"आम्ही झोपत होतो," भिवई म्हणाली.

पण रंगवायची तर हसरीच होती. सगळ्या टेबलाने हसू चढवलं. पहिल्या दिवशी गाल दुखले. मग ते दुखेनासे झाले, आणि ते जास्त वाईट. डोळेवाली रस्ता ओलांडताना हसायची आणि गाडीवाले थांबायचे नाहीत. ओठवालीच्या नवऱ्याने हसरं तोंड बघून पाहुणे बोलावले. भिवई घरी पोचायची तेव्हा तिचे ओठ कानांकडे ओढलेले असायचे, भिवया केसांत शिरलेल्या, आणि त्या तोंडामागे ती स्वतः थकून बसलेली. तोंड धुतलं तरी ते जात नसे. जेवायला बसल्यावर, दोन घास चावल्यावर कुठे गाल खाली यायचे.

एका संध्याकाळी तिला तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही. पुढच्या खोलीत सगळी बसलेली होती. नवरा सुतार. त्याच्या शर्टावर अजून लाकडाचा भुसा होता आणि पुढ्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सासूबाई खुर्चीत. धाकू आतल्या दाराच्या चौकटीला टेकलेली, हातातला फोन विझलेला.

नवऱ्याने सांगायला घेतलं. जावयांचा फोन आला होता. माणूस नरम पडलाय. रविवारी आईला घेऊन येतोय, धाकूला न्यायला. चूक झाली म्हणतोय, हँडलचं राहूनच गेलं म्हणतोय. मग त्याने कागद सोडला. आत पितळेचं नवंकोरं हँडल होतं. हे मी स्वतः जाऊन बसवून देतो, तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. चांगलं केल्याच्या समाधानाचा. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि विचारलं की तुझं काय म्हणणं?

भिवई दमली होती. कान मागाहून ऐकत होते. शब्द आत पोचेपर्यंत तिचं तोंड तिच्याआधी उत्तर देऊन बसलं होतं. ती हसत होती. सगळे दात दिसतील अशी, गालांवर खळ्या, भिवया वर.

"बघ," सासूबाई धाकूला म्हणाल्या, "वहिनीचंही तेच म्हणणं आहे."

धाकूने वहिनीकडे एकदाच पाहिलं आणि ती आत गेली. नवरा मान डोलवून हात धुवायला उठला, सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. भिवई नाही म्हणाली तेव्हा खोलीत पितळी हँडलाखेरीज कुणी उरलं नव्हतं.

ती आत गेली. धाकू भिंतीवरून पोस्टर काढत होती. सिनेमाचं नव्हे, जुनं, आठीवालं. टेप निघताना भिंतीचा रंगही निघत होता. भिवईने सांगायचा प्रयत्न केला. अगं, ते कामाचं आहे, दिवसभर हसरी रंगवतोय, तोंड तसंच राहतं, तुला माहीत आहे ना आमचं.

"आधी हसणं थांबव, वहिनी," धाकू म्हणाली. "मग सांग."

आणि ते थांबेना. भिवईने दोन्ही हातांनी गाल खाली ओढले. हात काढले की गाल वर. रडू आलं, तेही हसऱ्या तोंडाने आलं, आणि ते तर फारच भयंकर दिसलं असावं, कारण धाकूने पाठ फिरवली.

त्या आठवड्यात भिवईला जो राग आला, तो तिला जन्मात आला नव्हता. सिनेमावाल्यांचा आला. ज्या बाईने एवढी वर्षं हसायचं टाळून एवढ्या पोरींना दार दाखवलं, तिचं तोंड फाकवून तिला दुकानाच्या काचेत बसवलं. जावयाचा आला, स्वतःचा आला, आणि मऊ आवाजाच्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला. चुलीवरच्या पातेल्यावर झाकण घालून ठेवावं आणि खाली जाळ वाढत जावा, तसा तो पोटात वाढत गेला. पण वर येईना. तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं, धाकूला पाठवायचं नाही. दोन्ही वेळा तोंड हसतच होतं. पहिल्या वेळी त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. दुसऱ्या वेळी तो समजुतीने म्हणाला की तुलाही जड जातंय हे कळतं मला, तरी हसून घेतेस, हे मोठेपण आहे तुझं. त्या मोठेपणाने तिला गुदमरायला झालं. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी सुनेची पाठ थोपटली.

धाकू बोलत नव्हती. तिने धगीच्या बातम्या बघणं सोडलं. टी-शर्टाचं तिने फरशी पुसायचं फडकं केलं, आणि ते मुद्दाम वहिनीच्या देखत पिळलं. भिवयांचा कप मोरीच्या खिडकीत ब्रश ठेवायला गेला. शुक्रवारी सिनेमाची नवी झलक आली, ती तिने स्वतः होऊन वहिनीपुढे धरली. झलकेत शेवटी धग घरी परतते. नवरा दार उघडतो. ती हसते. दार बंद होतं. संगीत.

शनिवारी भिवईने टाकाऊ डोक्यांच्या पेटीतून एक डोकं उचललं. ती पेटी बायकांसाठीच ठेवलेली असे. ज्याचा रंग ओघळला, ज्याचा डोळा तिरका गेला, ते हवं तिने घरी न्यावं. हे हसरं डोकं होतं, एक खळी जरा पुसट, एवढाच दोष. सोबत तिने आपला ब्रश घेतला, काळ्या रंगाची बुटकी बाटली घेतली आणि थिनर. ओठवालीने विचारलं, काय करतेस? भिवई म्हणाली, हत्यार नेतेय. हसत म्हणाली. इलाज नव्हता.

रविवारी पाहुणे आले. जावई इस्त्रीचा शर्ट घालून, त्याची आई हातात मिठाईचा डबा घेऊन. नवऱ्याने हँडल टेबलावर मांडलं, सगळ्यांना दिसेल असं. सासूबाईंनी चहा ठेवला. धाकूची बॅग आतल्या खोलीत भरलेली होती. ती सासूबाईंनी भरली होती. धाकू पलंगावर त्या बॅगेकडे बघत बसली होती, आणि दार अर्धं उघडं होतं.

भिवई लाकडी पाट, चिंधी आणि बाटल्या घेऊन पुढच्या खोलीत आली आणि खिडकीखाली, सगळ्यांच्या समोर, खाली बसली. सासूबाई म्हणाल्या, आता काय हे? सून म्हणाली, काम राहिलंय, तुमचं चालू द्या. हसरी सून कामाला बसलीय, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जावयाची आई तर म्हणाली, किती हौस आहे हो हिला.

मग बोलणं सुरू झालं. जावई सांगत होता की ऑफिसचा ताण असतो, विसरायला होतं. त्याची आई सांगत होती की भांड्याला भांडं लागायचंच. नवरा सांगत होता की पुढच्या शनिवारी मी हत्यारं घेऊन येतो, तासाभराचं काम आहे.

भिवईने चिंधीला थिनर लावला आणि बाहुलीचं हसू पुसलं. वास खोलीभर पसरला. दात गेले, खळ्या गेल्या, चढलेल्या भिवया गेल्या. मुठीत कोरं डोकं राहिलं, आणि तिचे स्वतःचे गाल इतक्या दिवसांनी जरा सैल पडल्यासारखे झाले. तिने ब्रश काळ्यात बुडवला. उजवी भिवई काढली. नाकाकडे खाली उतरणारी, टोकाला जाड. मग डावी, जराशी खाली, धाकूने सांगितली होती तशी. ब्रश पुढे जात होता आणि तिच्या कपाळावर कातडी गोळा होत होती. एकदा आठी, दोनदा आठी. मग ओठ. मिटलेले, सरळ रेघ, उजव्या कोपऱ्यात किंचित दाब. तिचे ओठ मिटले. आणि पोटात आठवडाभर कोंडलेलं जे होतं त्याला वर यायची वाट सापडली. ते छातीतून गळ्यात आलं, गळ्यातून डोळ्यांत आलं, आणि डोळ्यांतून ओघळलं नाही, तिथेच उभं राहिलं.

तिने मान वर केली. जावयाची आई बोलता बोलता मध्येच थांबली.

"धाकू येणार नाही," भिवई म्हणाली.

नवऱ्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं, थट्टा शोधायला. थट्टा कुठेच नव्हती.

जावई म्हणाला की आता तर हँडलही आणलंय, मग प्रश्न कुठे राहिला.

"हँडल नव्हतं म्हणून ती आली नाही," भिवई म्हणाली. "हँडल काढलं होतं म्हणून आली."

मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवायची गरज उरली नव्हती.

"अहो, तुम्ही दारं बसवता. हँडल आपोआप पडतं का?"

नवऱ्याने टेबलावरचं हँडल उचललं, उलटं केलं. मागची भोकं त्याने अंगठ्याने चाचपली, सुतार चाचपतो तशी. इतके दिवस त्याने ते भेट म्हणून पाहिलं होतं. आता पहिल्यांदा त्याने ते हँडल म्हणून पाहिलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "चार स्क्रू असतात. बसून काढावे लागतात."

"आणि बसवायला?"

"तितकाच वेळ लागतो." त्याचा आवाज आता मऊ नव्हता. त्याने जावयाकडे पाहिलं. "महिनोन् महिने नाही लागत."

जावयाचे कान लाल झाले. तो म्हणाला, या पोरीला त्या चित्रांच्या पुस्तकांनी बिघडवलंय. लग्न झालेली बाई आणि कार्टून बघते. आणि तुम्ही सगळे तिला चढवता.

तेव्हा आतलं दार पूर्ण उघडलं. धाकू बाहेर आली. तिच्या अंगात फरशीचं फडकं झालेला तो टी-शर्ट होता, सुरकुतलेला, कडेला काळा. हातात मोरीच्या खिडकीतला कप, धुतलेला. तिने किटलीतून त्यात चहा ओतला, जावयाच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि पिऊ लागली. कप तिच्या तोंडासमोर होता आणि त्याच्यावर दोन भिवया हळूहळू लाल होत गेल्या. जावई त्या भिवयांकडे बघत राहिला. मग धाकूने कप खाली घेतला, आणि कपामागे तिसरी आणि चौथी अशा आणखी दोन भिवया होत्या, त्या काही चहा निवला म्हणून जाणार नव्हत्या.

पाहुणे गेले. मिठाईचा डबा विसरून गेले, तो सासूबाईंनी मागे धावून त्यांच्या हातात दिला. त्यांची लेकीची काळजी काही सरली नव्हती. लोक काय म्हणतील, हे दुपारभर चालू होतं. पण नवऱ्याने हत्यारांची पेटी काढून ते पितळी हँडल आतल्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूने, बसवायला घेतलं तेव्हा स्क्रू हातात धरून उभ्या त्याच राहिल्या. एकेक देत होत्या आणि बडबडत होत्या. पिळताना पेचकस घसरून त्याच्या बोटाला लागला, ते बोट शर्टाला पुसून तो पुढे पिळत राहिला. बायकोकडे त्या दिवशी त्याने फारसं पाहिलं नाही, आणि तिनेही ते सोपं करून दिलं नाही.

धाकूने ते रंगवलेलं डोकं उचलून खिडकीत ठेवलं. बराच वेळ बघितलं.

"डावी बरोबर आहे," ती म्हणाली.

भिवई थांबून राहिली. पुढे काहीतरी येईल असं तिला वाटलं.

"पण तू हसत होतीस, वहिनी," धाकू म्हणाली. "मला कळलंय आता, का ते. तरी अजून दिसतं."

ते खोटं नव्हतं. वहिनीने बाटल्यांची झाकणं लावली, चिंधी बाहेर वाळत टाकली.

सोमवारी टेबलावर तीच हसरी डोकी होती. भिवईने सगळं सांगितलं, हात न थांबवता, तोंडावर हसू ठेवून, कारण फूटपट्टी फिरत होती. ऐकता ऐकता सगळ्यांचे हसरे ओठ घट्ट होत गेले. त्या दिवशी बऱ्याच डोक्यांचं हसू दात ओठ खाल्ल्यासारखं उतरलं. फूटपट्टीने पट्टी लावून पाहिली. अंतरं बरोबर होती. तिला बोट ठेवायला जागा सापडेना. गठ्ठे बांधून माल दुकानांत गेला. असतील कुठेतरी त्या बाहुल्या, कुणाच्यातरी उशाशी, हसून दाखवणाऱ्या.

सुटीची घंटा झाली तशा बायका नेहमीप्रमाणे अंगणातल्या नळाकडे गेल्या, रंगाचे हात धुवायला. भिवई हात धुऊन झाल्यावरही तिथेच उभी राहिली. तिने डोळे मिटले, मुठीत नसलेलं डोकं धरलं, हातात नसलेला ब्रश, आणि हवेत एक भिवई काढली. मग दुसरी. कपाळावर आठी आली, तेव्हा डोळे उघडले. डोळेवालीने तेच केलं. केसवाल्या म्हातारीनेही केलं, तिला तर ब्रशही लागला नाही. ओठवाली नळाचं पाणी ओंजळीत घेता घेता जुळवलेल्या दोन ओळी म्हणाली, आणि त्या बाकीच्यांनी तिथल्या तिथे उचलल्या:

हसू ओठावर, बाई, ते गं मालकाच्या घरचं
भिवईतलं ऊन माझं, माझ्या एकटीच्या दारचं

फाटकावर पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला असे. रोज सुटीला तो एखादीला म्हणायचा, काय ताई, हसा की जरा. त्या संध्याकाळी इतक्या जणी आपापलं हसू नळावर धुऊन एका रांगेने फाटकाकडे आल्या, तेव्हा त्याने तोंड उघडलं, पाहिलं, आणि काही न म्हणता उठून फाटक पूर्ण उघडलं.